गाडी कोण चालवत होतं?

विम्याच्या क्लेमचा फॉर्म काही फार मोठा नसतो. गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, अपघाताचं ठिकाण, तारीख, वेळ. एवढं सगळं मुलांच्या अब्बांनी दहा मिनिटांत भरलं. पुढच्या रकान्यापाशी मात्र त्यांचं पेन थांबलं. तिथे विचारलं होतं, अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं नाव काय आणि त्याचा लायसन्स नंबर काय? तो रकाना आमच्या घरात दोन दिवस रिकामा राहिला. या वेळी त्या दोन दिवसांबद्दल लिहिते आहे, कारण गाडी आता आपल्यातल्या पुष्कळ घरांच्या दारात उभी आहे आणि हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक घराला विचारला जाणार आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि दुपारपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. खोपोलीहून आईच्या शेजारणीचा फोन आला, "तुझ्या अम्मीला दम लागलाय, कोणाला तरी पाठव." मुलांचे अब्बा ठाण्याहून यायचे होते, त्यांची लोकल कुठेतरी अडकली होती. कर्जत-खोपोली गाडीही वेळेवर नव्हती. स्टँडवर रिक्षा नव्हत्या. घरात थोरला होता. नुकताच अठरा पूर्ण झालेला, हातात एक महिन्याचं शिकाऊ लायसन्स. महिनाभर अब्बांच्या शेजारी बसून तो चांगली गाडी चालवत होता. मी किल्ली काढून त्याच्या हातात दिली. पंधरा-सोळा किलोमीटरचा तर रस्ता. "सावकाश जा," एवढंच म्हणाले.

पळसदरी ओलांडल्यावर वळणावर रस्त्यात म्हैस उभी होती. त्याने ब्रेक दाबला, चाकं पाण्यावरून घसरली आणि गाडी मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. अल्लाहचे लाख लाख आभार, पट्टा लावलेला होता. कपाळाला साधं टेंगूळही आलं नाही. रस्त्यात दुसरं कोणी नव्हतं, म्हैसही वाचली. गाडीचं मात्र बोनेट दुमडलं, बंपर फुटला, एक हेडलाइट गेला, एका बाजूचं मडगार्ड आत दबलं आणि समोरच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. आईला शेवटी तिच्या शेजारणीच्या मुलाने रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथे वाफ दिल्यावर तिला आराम पडला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजला नेली. कंपनीला फोन झाला होता, क्लेम नंबरही मिळाला होता. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, कागदावर आकडे मांडले आणि सांगितलं, "अठ्ठेचाळीस हजार. विमा फुल आहे ना? मग काळजी नको." मग त्याने सहज विचारलं, "चालवत कोण होतं?" थोरल्याने खरं सांगितलं. गॅरेजवाला हसला. "शिकाऊवर क्लेम पास होत नाही, भाऊ. अब्बांचं नाव टाका. सगळे असंच करतात."

त्याचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने खरं होतं. रात्री आम्ही पॉलिसी प्रथमच नीट वाचली. सहा वर्षं हप्ते भरले, पण 'वाहनचालक' हे कलम कधी उघडून पाहिलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते. शिकाऊ लायसन्सवालाही चालवू शकतो, पण १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या तिसऱ्या नियमाची अट पाळून. म्हणजे शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि गाडीवर पुढे-मागे लाल रंगातलं 'एल' हवं. आमच्या मुलाच्या शेजारची सीट रिकामी होती.

नातेवाईक जमले. माझा भाऊ, म्हणजे मुलांचे मामू, म्हणाले, "कोणाला इजा नाही, कोणाचं नुकसान नाही. कंपनीकडे कोट्यवधी रुपये पडलेत. तुम्ही सहा वर्षांत एक पैसा मागितला नाही. आता स्वतःचेच पैसे परत घेताय असं समजा." शेजारचे चाचा म्हणाले, "गाडी अब्बांच्या नावावर, पॉलिसी अब्बांच्या नावावर, मग चालवणाराही अब्बाच. यात वावगं काय?" खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. आणि त्यामागे एक कारण होतं, जे मी कोणापाशी बोलले नाही. अब्बांचं नाव त्या रकान्यात गेलं की किल्ली कोणी दिली हा प्रश्नच उरणार नव्हता.

मी मराठी आणि उर्दू शिकवते, पण हिशेब मांडायची सवय आहे. त्या रात्री मी वही घेतली. हे एक नाव बदलून आपल्याला नेमकं किती मिळणार आहे? 'विमा फुल आहे' म्हणजे सगळे पैसे मिळतात असा आपला समज असतो. तसं नसतं. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो, म्हणून कंपनी घसारा कापते. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर आणि बॅटरी यांवर निम्मी रक्कम कापतात. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षाच्या आत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी २५, पाचव्या वर्षी ३५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा रंगाचा धरून त्याच्यावर निम्मा घसारा लावतात. मजुरी पूर्ण मिळते.

आमचा हिशेब असा झाला. बंपर आणि हेडलाइट मिळून १६,०००, त्याचे मिळणार ८,०००. बोनेट आणि मडगार्ड १२,०००, ४० टक्के कापून ७,२००. काच ६,०००, पूर्ण ६,०००. मजुरी ६,०००, पूर्ण ६,०००. रंगकाम ८,०००, त्यातले ७,०००. एकूण झाले ३४,२००. यातून सक्तीची वजावट जाते. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला ती १,००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीला २,००० रुपये असते. आमची गाडी लहान, म्हणून १,००० वजा. हाती उरले ३३,२००.

अजून एक गोष्ट हिशेबात धरायची होती. सलग पाच वर्षं क्लेम नसला की पुढच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. तिची शिडी आहे : पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की माणूस शिडीच्या पायथ्याशी येतो. आमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता साधारण ६,००० रुपये. तो तेवढाच राहील असं धरलं, तर पुन्हा वरच्या पायरीवर पोचेपर्यंत पाच वर्षांत सुमारे साडेसात हजार रुपये जास्त भरावे लागले असते. म्हणजे खोट्याचं खरं मोल २६ हजारांच्या आत आलं. (हाच हिशेब खऱ्या क्लेमलाही लागू आहे. बंपरला ओरखडा आला, चार-पाच हजारांचं काम आहे, तर क्लेम करण्यापेक्षा खिशातून दिलेले परवडतात.)

हिशेब मांडून मी वही मिटली, तरी निर्णय होत नव्हता. सव्वीस हजार ही आमच्यासारख्यांना लहान रक्कम नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना एका मुलाने गैरहजर दोस्ताच्या नावाला "हाजिर" म्हटलं. दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. मी नेहमीप्रमाणे त्याला उभं केलं, नेहमीप्रमाणे बोलायला लागले आणि मध्येच थांबले. वर्गात चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी त्याला बसायला सांगितलं आणि पुढचं नाव वाचलं.

घरी आले तर थोरला बैठकीत बसला होता. दोन दिवस तो कोणाशी धड बोलला नव्हता. मोठ्यांची सगळी चर्चा त्याने ऐकली होती. तो म्हणाला, "अम्मी, अब्बांचं नाव लिहिलं तर सर्व्हेअर त्यांना विचारेल ना, म्हैस कुठून आली, ब्रेक कधी दाबला? मग ते मला विचारणार आणि मी त्यांना शिकवणार का?" त्याच्या आवाजात उपदेश नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. बापाने कसं खोटं बोलायचं हे मुलाने शिकवायचं, असा तो देखावा माझ्या डोळ्यांपुढे आला. त्या वेळी आम्ही तिघांनी मिळून जी गवाही द्यायची होती, ती मला देववेना. मी मुलांच्या अब्बांना सांगितलं, "किल्ली मी दिली होती. कंपनीला खरं लिहू आणि क्लेम मागे घेऊ." ते काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी परवापासून हेच म्हणायची वाट बघत होतो. पैशाचं कसं करायचं ते कळत नव्हतं म्हणून गप्प होतो."

आम्ही कंपनीला चार ओळींचं पत्र लिहिलं. गाडी शिकाऊ लायसन्स असलेला मुलगा एकटा चालवत होता, हे आमच्या लक्षात आलं आहे, सबब दावा मागे घेत आहोत. उत्तर आलं, फाइल बंद झाली. पैसे घेतलेच नाहीत, म्हणून पन्नास टक्क्यांची सूट तशीच राहिली. दुरुस्ती दुसऱ्या गॅरेजमध्ये केली. बोनेट नवं न टाकता ठोकून सरळ केलं, हेडलाइट कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणला. सगळं मिळून साडेछत्तीस हजारांत भागलं. ते पैसे माझ्या भिशीचे होते आणि ती भिशी मुलीच्या लॅपटॉपसाठी लावली होती. मुलगी रडली. म्हणाली, "चूक भाईजानची आणि लॅपटॉप माझा गेला?" तिचं बरोबर होतं. खरं बोलण्याची किंमत बोलणाराच भरतो असं नाही, पुष्कळदा ती घरातलं दुसरंच कोणी भरतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो.

आता थोडं त्या 'कोट्यवधी रुपयांच्या कंपनी'बद्दल. विम्याच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे, परम सद्भावनेचं. दुकानात कापड घेताना गिऱ्हाईक आणि दुकानदार आपापलं बघतात. विम्यात तसं चालत नाही, कारण पळसदरीच्या वळणावर काय झालं हे फक्त आपल्याला माहीत असतं. कंपनी आपल्या शब्दावर चालते. म्हणून फॉर्मवर एक खोटी गोष्ट सापडली तरी पूर्ण दावा बुडतो आणि प्रकरण फसवणुकीच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. कंपन्या तपास अधिकारी पाठवतात. मुलांचे अब्बा त्या वेळी लोकलमध्ये होते, त्यांच्या ऑफिसच्या हजेरीवर सुटल्याची वेळ नोंदलेली होती. "कोण बघतंय?" असं म्हणणाऱ्या मामूंनी याचा विचार केलेला नव्हता.

आमच्या कर्जत-खालापूर भागात या फॉर्मवर तीन प्रकारचं खोटं लिहिलं जातं. पहिलं आमच्यासारखं, चालवणाऱ्याचं नाव. दुसरं, गाडी कशासाठी चालली होती याबद्दल. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पर्यटक येतात, कोणाला कोंढाण्याच्या लेण्यांकडे जायचं असतं, कोणाला फार्महाऊसवर. आपली तरुण मुलं पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून त्यांना भाड्याने नेतात. चार पैसे मिळतात, त्यात मेहनत आहे, पण खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही. अपघात झाला की "पाहुणे होते" असं लिहावं लागतं आणि ते पाहुणे जबाब देताना "भाडं दिलं" म्हणून मोकळे होतात. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने रीतसर परवाना, पिवळी पाटी आणि त्या वापराचा विमा घ्यावा. तिसरं खोटं तारखेचं आणि जुन्या पोच्यांचं. "क्लेम होतोच आहे, तर मागच्या दाराचं कामही यातच घालू," असं गॅरेजवाला सुचवतो. सर्व्हेअरला गंज चढलेला पोचा आणि ताजा पोचा यांतला फरक ओळखता येतो. तेच त्याचं काम असतं.

परंतु सद्भावना दोन्ही बाजूंनी असते. आपण खरं लिहिलं की कंपनीलाही खरेपणाने वागावं लागतं. याचा अनुभव माझ्या नेरळच्या धाकट्या दिरांना आला. वादळात पडलेल्या झाडावर त्यांची गाडी आदळली. हाताचं हाड मोडलं, दहा दिवस ते दवाखान्यात होते. अकराव्या दिवशी गॅरेजवाला म्हणाला, "अपघात कालचा दाखवा, नाहीतर उशीर झाला म्हणून नाकारतील." दिरांनी तारीख खरी लिहिली आणि उशिराचं कारणही लिहिलं. फोनवरच्या माणसाने साफ सांगितलं, क्लेम होणार नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "हे मला लेखी द्या." मग दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवलं. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे की उशीर टाळता येण्यासारखा नव्हता तर केवळ उशिराच्या कारणावरून खरा दावा नाकारू नये. पत्रात त्याचा उल्लेख केला. तिसऱ्या आठवड्यात सर्व्हेअर आला आणि घसारा जाऊन राहिलेले पैसे मिळाले. तारीख कालची लिहिली असती तर दवाखान्याच्या त्याच कार्डाने त्यांना खोटं ठरवलं असतं.

म्हणून ज्यांचा दावा खरा आहे त्यांनी तोंडी नकार ऐकून घरी बसू नये. नकाराचं कारण लेखी मागा. सर्व्हे अहवालाची प्रत मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्राधिकरणाचा १५५२५५ हा तक्रारीचा फोन आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही आहेच. आपल्या रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे.

अपघात झालाच तर काय करायचं, तेही सांगते. कोणी जखमी असेल तर आधी माणूस, मग गाडी. १०८ ला फोन करा. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. रस्त्यावर पडलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीने पडलेला असेल तरी हात द्या. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात स्वतंत्र कलम आलं आहे. आपल्याच गाडीचं नुकसान असेल तर ती हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा, नंबर पाटी आणि रस्ता दिसेल असे. कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हे होईपर्यंत काहीही उघडू नका, फुटलेले भाग फेकू नका. गाडी ओढून नेण्याचा खर्च साध्या पॉलिसीतही १,५०० रुपयांपर्यंत मिळतो, पावती जपून ठेवा. 'कॅशलेस' हवं असेल तर गॅरेज कंपनीच्या यादीतलं आहे का ते आधी विचारा, आणि कॅशलेस म्हणजे मोफत असं समजू नका. घसारा आणि वजावट तिथेही आपल्यालाच भरावी लागते. गाडी नवी असेल तर थोडा जास्त हप्ता भरून घसारा न कापणारं जोड कलम घेता येतं.

पावसाळ्याची एक सूचना वेगळी. उल्हास आणि पाताळगंगा काय करू शकतात हे आपल्याला सांगायला नको. २०१९च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये आख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली होती. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना चालू करायचा प्रयत्न केला की इंजिन मोडतं आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही. गाडी ढकलून बाहेर काढा, ओढून गॅरेजला न्या.

काही भगिनी विचारतात की विमा घेणं योग्य आहे का? यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात पडण्याची माझी लायकी नाही. आपल्या आलिमांना विचारा. पण थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई देणारा विमा, १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या मुलाच्या गाडीखाली कोणाचा कमावता हात आला तर त्या घराला हा विमाच आधार देतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्ण सिंह खटल्यात म्हटलं आहे की लायसन्सची अट मोडली म्हणून जखमीला वाऱ्यावर सोडता येणार नाही. कंपनीने त्याला पैसे द्यावेत आणि मालकाने जाणूनबुजून अट मोडल्याचं सिद्ध झालं तर ते मालकाकडून वसूल करावेत. त्या मोरीपाशी म्हशीच्या जागी माणूस असता, तर ही वसुली आमच्याकडून होऊ शकली असती. आणि मुलगा अठराच्या आतला असता तर शिक्षा आई-बापांना झाली असती. २०१९पासून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

थोरल्याला सप्टेंबरमध्ये पक्कं लायसन्स मिळालं. तो गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतो आणि दर महिन्याला दोन हजार रुपये बहिणीच्या हातात देतो. ती वहीत लिहून घेते, तारखेसह. एका महिन्यात त्याने पंधराशेच दिले, तर तिने लाल पेनाने बाकी काढून ठेवली आहे.

आज जेवणं आटोपल्यावर कपाटातून पॉलिसी काढा. 'वाहनचालक' हे कलम शोधा. तुमच्या घरात गाडीची किल्ली कोणाकोणाच्या हाती जाते ती नावं मनात धरा आणि त्या कलमाशी ताडून पाहा. मी हे जुलैच्या आधी केलं असतं, तर त्या संध्याकाळी शेजारच्या चाचांचं दार ठोठावलं असतं. त्यांच्याकडे वीस वर्षांचं लायसन्स आहे, आणि ते तेव्हा घरीच होते.